तारेखालचे सरपण : वरच्या वर्गांसाठी एक समवाय पाठ



गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात औसा तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. शाळा सकाळची होती. सहावीच्या हजेरीपटावर चोवीस नावे होती. वर्गात पंधराच मुले बसली होती. गैरहजर नवांपैकी सात मुली होत्या. वर्गशिक्षक काहीशा त्राग्याने म्हणाले, "साहेब, आज तारेखालची झाडं तोडायला माणसं आली आहेत. सगळी सरपणाला पळाली."

आम्ही दोघे पायीच तिकडे गेलो. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या व बाभळीच्या फांद्या पडत होत्या. वर झाडावर कोयता घेतलेला माणूस, खाली बायका व मुले. आमच्या शाळेतील एक मुलगी तारेला अडकून लोंबणारी एक फांदी दोन्ही हातांनी खाली ओढत होती. वरचा माणूस ओरडला, "ए पोरी, सोड ती फांदी! लांब सरक!" मुलगी दचकून मागे झाली. वाहिनी बंद होती, म्हणून काही विपरीत घडले नाही. तिला जवळ घेऊन मी विचारले, "बाळ, भीती नाही का वाटली?" ती सरळपणे म्हणाली, "गुरुजी, घरातली लाईट गेली होती की. मग तारेत कुठून येणार?"

तिचे अनुमान चुकीचे होते. परंतु ते अनुमान होते. तिने विचार केला होता. तो विचार पुरा करण्यास लागणारे ज्ञान तिला कोणी दिले नव्हते. आम्ही तिला विजेवरचा धडा शिकवला होता, इंधनावरचा धडा शिकवला होता, वृक्षांचे महत्त्वही शिकवले होते. हे तिन्ही धडे ज्या एका जागी एकत्र येतात, त्या रस्त्याकडेच्या झाडाखाली मात्र आम्ही तिला एकटी सोडली होती. प्रस्तुत पाठाची योजना त्या दिवशी मनात आली.

विषयाची निवड

आपल्या जिल्ह्यात वनक्षेत्र नगण्य आहे. रानात जाऊन मोळी आणावी असे रान बहुतेक गावांजवळ नाही. बांधावरची बाभूळ, गायरानातील वेडी बाभूळ, तुराट्या आणि गोवऱ्या हेच आपल्या चुलीचे आधार. सोयाबीनचा पेरा वाढला तरी त्याच्या भुसकटावर भाकरी होत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली, ही मोठीच सोय झाली. तथापि टाकी पुन्हा भरून आणण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरांत आंघोळीचे पाणी व भाकरी आजही चुलीवरच होते. अशा घराला मृगापूर्वी दारात पडलेले दोन भारे सरपण म्हणजे पावसाळ्याची बेगमी होय.

वीज वितरण करणारी महावितरण कंपनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, तारांना भिडणाऱ्या फांद्या छाटते. वादळवाऱ्यात फांदी तारेवर आदळली की तारा एकमेकींस भिडतात, ठिणग्या उडतात, वाहिनी बंद पडते, प्रसंगी तार तुटून खाली येते. तेव्हा ही छाटणी आवश्यकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात जी नवी गावे वसली, तेथे पुनर्वसनानंतर हौसेने लावलेली झाडेही आता मोठी झाली असून अनेक ठिकाणी तारांपर्यंत पोचली आहेत. म्हणून हा प्रसंग वर्षातून एकदा तरी प्रत्येक गावात येतोच.

अशा दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलास नुसते रागावून काय साधणार? "तिकडे जाऊ नका" असे आपण सांगतो. घरी आई "जा, आपल्या वाट्याचं घेऊन ये" असे सांगते. या दोहोंत मूल आईचेच ऐकणार, आणि ते स्वाभाविकही आहे. मनाई हे शिक्षण नव्हे. शिवाय छाटणीचे बरेच दिवस उन्हाळी सुटीत येतात. तेव्हा मूल आपल्या नजरेआड असते. म्हणून हा पाठ मार्च महिन्यात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा.

१९३७ साली वर्धा येथे जी शिक्षणपद्धती मांडली गेली, तिच्यात हाताच्या कामाशी सर्व विषयांचा समवाय साधण्यावर भर होता. सरपण गोळा करणे हे काम आपण शाळेत नव्याने आणावयाचे नाही. ते मुलांच्या जीवनात आहेच. त्यातील ज्ञान तेवढे उघड करून दाखवावयाचे आहे.

पाठाचे हेतू

१. वीजवाहिनीजवळ कसे वागावे हे मुलांस कारणांसह समजावे.
२. पडलेले लाकूड कोणाचे, हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी.
३. ओल्या व सुक्या लाकडातील फरक मोजून कळावा.
४. सरपण आणणाऱ्या मुलास वर्गात कमीपणा वाटू नये.

चौथा हेतू शेवटी लिहिला असला तरी शिक्षकाने तो प्रथम ध्यानी घ्यावा. "तुमच्यापैकी कोणाच्या घरी चूल आहे?" असा प्रश्न करून हात वर करावयास सांगू नये. "चुलीत कोणते लाकूड चांगले जळते, हे कोण सांगेल?" असा प्रश्न करावा. पहिल्या प्रश्नाने मूल खाली मान घालते. दुसऱ्याने तेच मूल वर्गाचे गुरू होते.

पूर्वतयारी

गावच्या वायरमनला आधी भेटून छाटणी साधारणतः केव्हा होणार ते विचारावे. नियोजित वीजबंदीचा संदेश नोंदणीकृत ग्राहकांच्या भ्रमणध्वनीवर येतो. तो आला की दिनांक शाळेच्या फलकावर लिहावा. शक्य झाल्यास वायरमनला अर्धा तास वर्गात बोलवावे. तारेजवळ काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट पुस्तकातील वाक्यापेक्षा अधिक ठसते, आणि त्या कामगाराच्या कष्टांबद्दल मुलांच्या मनात आदरही उत्पन्न होतो.

साहित्य : बाभूळ, कडुनिंब व गुलमोहर यांच्या ओल्या व सुक्या काटक्या, एक मीटरची काठी, दोरी, आणि शालेय पोषण आहाराचे तांदूळ मोजण्याचा काटा.

पाठाचा विकास

विषयप्रवेशासाठी 'सरवा' या शब्दापासून आरंभ करावा. पीक काढून नेल्यावर शेतात राहिलेली कणसे किंवा शेंगा वेचणे म्हणजे सरवा. मुलांस विचारावे : सरव्याला केव्हा जातात? मुले सांगतील, मालकाची शेवटची पेंढी उचलल्यावर. त्याआधी गेले तर? मालक रागावेल. विचारून गेले तर? तो बहुधा नको म्हणणार नाही. हा अलिखित नियम गावातील प्रत्येक मुलास ठाऊक असतो. तारेखालचे सरपण हाही एक सरवाच आहे, असे सांगून फळ्यावर चार शब्द लिहावेत : थांबणे, विचारणे, वेचणे, वाळवणे. पुढील सर्व विवेचन या चार शब्दांभोवती करावे.

थांबणे : छाटणी चालू असता झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापलीकडे उभे राहावे. फांदी सरळ खाली पडतेच असे नाही. ती दुसऱ्या फांदीवर आपटून दूर उडते. आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे यावे. घरातील दिवा विझला म्हणजे तारेतील वीज गेली काय? नाही. बहुतेक ठिकाणी गावठाणाची वाहिनी वेगळी व शेतीची वाहिनी वेगळी असते. एक बंद असता दुसरी चालू असू शकते. एकाच रस्त्यावर दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात. एखाद्या घरचे जनित्र किंवा इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीने जोडलेले असेल तर बंद वाहिनीतही उलट बाजूने वीज येऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी तुकडी वाहिनी बंद करून घेते. त्या परवानगीला कामगार 'परमिट' म्हणतात. काम संपून परमिट परत केले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. तो क्षण खाली उभ्या असलेल्या मुलास कळत नाही. म्हणून नियम एकच : वायरमन स्वतः "आता या" म्हणेपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरही तार जिवंतच आहे असे समजून वागावे.

घरात येणारा पुरवठा २३० व्होल्टचा असतो. गावच्या डीपीपर्यंत येणारी वाहिनी सामान्यतः ११,००० व्होल्टची असते. मुले म्हणतील, लाकूड तर वीजवाहक नाही. येथे ओल्या फांदीचा तुकडा हातात देऊन तिची ओल दाखवावी. ओल्या लाकडात पाणी असते व त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. म्हणून ओली फांदी वीज वाहून नेते. सुके लाकूड अल्प दाबाला अडवते खरे. परंतु एवढ्या मोठ्या दाबापुढे सुक्या काठीचाही भरवसा धरू नये. यावरून पुढील गोष्टी मुलांकडूनच काढून घ्याव्यात :

तारेला अडकलेली फांदी ओढू नये. शेळ्यांसाठी शेंगा पाडण्याची लांब आकडी तारेजवळ नेऊ नये. लांब फांदी खांद्यावर उभी धरून तारेखालून जाऊ नये. ती आडवी धरावी. खांबाच्या ताणतारेला मोळी टेकवू नये किंवा जनावर बांधू नये. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नये, इतरांस अडवावे आणि मोठ्या माणसाकडून वायरमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे. अशा तारेभोवतीच्या जमिनीतही वीज उतरते. आपण नकळत जवळ गेलोच, तर पाय न उचलता, दोन्ही पावले एकमेकांस लागून, घासत घासत मागे सरावे. ही कृती मैदानात प्रत्यक्ष करवून घ्यावी.

विचारणे : पडलेले लाकूड कोणाचे? मुले म्हणतील, "ज्यांनी तोडले त्यांचे" किंवा "कोणाचेच नाही." दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. छाटणी करणाऱ्याने झाड तोडले म्हणून ते त्याचे होत नाही. शेतात उभे असलेले झाड सामान्यतः त्या शेताच्या धारकाचे असते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या हक्काची तरतूद आहे. रस्त्याकडेचे झाड ज्या खात्याचा रस्ता त्याच्या ताब्यात असते. गायरानातील झाडाबद्दल ग्रामपंचायतीत विचारावे. जाड खोड मोजून नेले जाते, प्रसंगी त्याचा लिलाव होतो; बारीक डहाळ्या व काटक्या मात्र बहुधा तेथेच सोडून दिल्या जातात, आणि त्याच आपल्या सरव्याच्या. त्याही विचारूनच घ्याव्यात.

नागरिकशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन कायद्यांचा उल्लेख करता येईल. २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार तारांना अडथळा करणारे झाड काढण्याचा आदेश सक्षम अधिकारी देऊ शकतो. आणि तारा ओढण्यापूर्वीपासून ते झाड तेथे असेल तर मालकास वाजवी भरपाई देण्याचीही तरतूद त्यात आहे. दुसरा कायदा १९६४ चा, झाडे तोडण्याच्या नियमनाचा. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह इत्यादी झाडे आहेत. ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तेव्हा छाटणीचे निमित्त करून कोणी चिंचेच्या बुंध्यालाच कुऱ्हाड लावीत असेल, तर ते सरपण नव्हे, ती तोड होय. तारेचे तुकडे, चिनी मातीचे कप किंवा लोखंडी पट्ट्या याही उचलू नयेत. त्या वीज कंपनीच्या मालमत्ता आहेत.

वेचणे : काटक्यांच्या ढिगात एकदम हात घालू नये. रात्रभर पडून राहिलेल्या ढिगात नाग, घोणस, मण्यार यांना आसरा मिळतो. प्रथम काठीने ढीग हलवावा, मग वरच्या काटक्या एकेक उचलाव्यात. पायांत वहाणा असाव्यात. बाभळीचा काटा खोल गेला तर जखम धुऊन आरोग्य उपकेंद्रात दाखवावे. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही ते तेथे पाहिले जाते. मोळी आपल्याला सहज उचलता येईल एवढीच बांधावी. मोठा भार मोठ्यांनी न्यावा. कण्हेरीच्या फांद्या सरपणात मिसळू नयेत. त्यांचा धूरही विषारी असतो.

वाळवणे : चुलीला ओले लाकूड लावले की धूर होतो आणि आईचे डोळे चुरचुरतात, हे प्रत्येक मुलाने पाहिले आहे. कारण विचारावे. लाकडातील उष्णतेचा एक वाटा त्यातीलच पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. ज्योत थंड राहते, लाकूड पुरते जळत नाही, आणि न जळलेला भाग धूर होऊन घरात भरतो. येथे मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावे. तारेजवळ जी ओल जिवावर बेतते, तीच ओल चुलीत डोळ्यांत पाणी आणते. म्हणून सरपण आणल्या दिवशी ते चुलीत घालावयाचे नाही. जाड फांद्या फोडून, दगडांवर किंवा दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून उचलून, आडव्याउभ्या चौकडीने रचाव्यात, म्हणजे मधून वारा खेळतो. वैशाखाचे ऊन आपल्याकडे कडक असते. त्याचा लाभ घ्यावा व पहिल्या पावसापूर्वी सरपण पडवीत किंवा गोठ्यात न्यावे. सुके लाकूड ओळखण्याच्या खुणा मुलांकडून काढून घ्याव्यात : टोकाला भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टणटणीत आवाज येतो, ओल्याचा आवाज भद्द येतो.

गणिताशी समवाय

पहिले उदाहरण सातवीसाठी. उन्हात एक मीटरची काठी उभी करावी. तिची सावली अर्धा मीटर पडली आणि त्याच वेळी झाडाची सावली चार मीटर असेल, तर झाडाची उंची किती? आठ मीटर. मग छाटणीच्या वेळी किती अंतरावर उभे राहावे? सोळा मीटर. हे अंतर दोरीने मोजून मैदानात फक्कीची रेघ ओढावी आणि प्रत्येक मुलास ते आपल्या पावलांनी मोजावयास लावावे. आपली किती पावले म्हणजे सोळा मीटर, हे ज्याचे त्याने वहीत लिहून ठेवावे.

दुसरे उदाहरण इंधनाचे. दहा किलो ओल्या बाभळीत निम्मे पाणी आहे असे समजू. म्हणजे पाच किलो पाणी व पाच किलो कोरडे लाकूड. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास ७० किलोकॅलरी आणि त्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी, अशी एकूण ६१० किलोकॅलरी उष्णता लागते. पाच किलोंस ३,०५० झाली. बाभळीच्या एक किलो कोरड्या लाकडापासून सुमारे ४,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. पाच किलोंची २४,०००. म्हणजे आठव्या हिश्श्याहून थोडी अधिक उष्णता केवळ लाकडातील पाणी उडवण्यात जाते. तेवढ्या उष्णतेत, वाया काहीच गेले नाही असे धरल्यास, सुमारे ४३ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत तापले असते. धुराच्या रूपाने होणारा तोटा याहून निराळा.

तिसरा प्रयोग प्रत्यक्ष करण्याचा. प्रत्येक जातीच्या ओल्या काटक्यांची पाच-पाच किलोंची मोळी बांधून शाळेच्या व्हरांड्यात ठेवावी आणि दर सोमवारी काट्यावर तोलून वजन तक्त्यात लिहावे. वजन उतरण्याचे थांबले की लाकूड वाळले. कोणती जात आधी वाळते, पहिल्या आठवड्यात किती वजन घटते, हे मुले आपल्या मोजणीवरून सांगतील. ते आकडे कोणत्याही पुस्तकातील नसून त्यांच्या शाळेचे असतील. प्रयोगानंतरचे सरपण कोणास द्यावे, ते मुलांनीच ठरवावे.

संकलन व स्वाध्याय

चार शब्द फळ्यावरून पुसून मुलांकडून पुन्हा म्हणवून घ्यावेत व प्रत्येक शब्दामागील एक कारण विचारावे. कारण सांगता येत नसेल तर नियम पाठ झाला, धडा समजला नाही, असे मानावे. पुढील स्वाध्याय द्यावा :

१. घरातील दिवा विझला असतानाही रस्त्यावरच्या तारेत वीज असू शकते. दोन कारणे लिहा.
२. आपल्या गावातील तारांखालची झाडे मोजा व त्यांची नावे लिहा. प्रत्येक झाड कोणाच्या जागेत आहे ते विचारून लिहा.
३. आजीला किंवा आईला विचारून चांगल्या व वाईट सरपणाची यादी करा.
४. तारेला अडकलेली फांदी ओढणाऱ्या लहान भावास तुम्ही काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.

पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या वेळी या पाठाचे उपयोजन करावे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिन्यात आपण रोपे लावतो. परंतु कित्येकदा कडुनिंबाचे किंवा पिंपळाचे रोप बरोबर तारेखाली लावतो आणि काही वर्षांनी ते छाटले म्हणून हळहळतो. तारेखाली कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, सीताफळ अशी बुटकी झाडे लावावीत. मोठ्या झाडांस मोकळे आकाश द्यावे.

समारोप

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सरपणाच्या दिवशी मुली वर्गाबाहेर राहतात, तेव्हा त्यांच्या या हक्कास बाध येतो, हे आपण पालकसभेत स्पष्टपणे मांडले पाहिजे. छाटणी झाल्यावर तुकडी निघून गेली की मोठ्या माणसांनी जावे, मुलांनी शाळा सुटल्यावर हातभार लावावा. सरपण तेवढ्या वेळात कोठे जात नाही. कोणाच्या वाट्याचे जाईलच अशी भीती असेल, तर ग्रामपंचायतीने वाटणीची वेळ ठरवून द्यावी. ही सूचना शिक्षकाने केली तर गाव ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

वर उल्लेखिलेल्या शाळेत वर्गशिक्षकांनी हा पाठ यंदा मार्चमध्ये घेतला. नंतर छाटणी झाली त्या दिवशी वर्ग भरलेला होता. शाळा सुटल्यावर मुले रस्त्याकडे गेली आणि पावले मोजून दूर उभी राहिली. ती मुलगी आता सातवीत आहे. तिने पुढे होऊन वायरमनला विचारले, "काका, परमिट परत केलं का? आता येऊ का?" तो माणूस क्षणभर चकित झाला आणि मग हसून म्हणाला, "थांब बाळ, अजून दोन खांब राहिलेत."

ती थांबली. आपल्या पाठाची परीक्षा याहून निराळी कोणती असावी?